किती शितें पाहावीं?

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळलेली आहे कीं, तिच्यांत तर्कशास्त्राचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. चुलीवर भात रटरटत असतां गृहिणी पळीनें चार शितें काढते, बोटांनीं चिरडून पाहते, आणि सगळा भात शिजला कीं नाहीं तें सांगते. तिचा निर्णय बहुधा चुकत नाहीं. महाड-पोलादपूरसारख्या भाताच्या मुलखांत तर हा अनुभव रोजचाच. परंतु त्या निर्णयाच्या अचूकपणाचें श्रेय शितांपेक्षां पातेल्यास अधिक आहे. तांदूळ एका जातीचा, पाणी एक, विस्तव एक, आणि मध्यंतरीं एकदां ढवळलेला. म्हणून एका शिताची गोष्ट ती सर्वांची गोष्ट होते. शेजारच्या घरचा भात शिजला कीं नाहीं हें मात्र आपल्या पातेल्यांतील शितावरून कोणी सांगूं जात नाहीं. आणि कोणी सांगूं लागल्यास आपण त्यास हंसूं.

शाळांविषयीं बोलतांना आपण हीच हंसण्याजोगी गोष्ट मोठ्या गंभीरपणानें करीत असतों. एखाद्या शाळेंत टॅब्लेट आले, भिंतीवर मोठा पडदा लागला, मुलें आनंदानें त्याभोंवतीं जमलीं, सहामाहींत गुण थोडे वाढले. लगेच ‘या साधनानें शिक्षण सुधारतें’ असें विधान होतें, वृत्तपत्रांत छायाचित्र येतें, आणि पुढील वर्षीं शेंकडों शाळांसाठीं खरेदीचा प्रस्ताव तयार होतो. उलटपक्षीं, दुसऱ्या एखाद्या शाळेंत तींच यंत्रें कपाटांत धूळ खात पडलेलीं दिसलीं कीं ‘हें सारें खूळ आहे’ असा निकाल दिला जातो. दोन्ही निकालांमागें एकेकच पातेलें असतें. तेव्हां किती शाळा व किती मुलें पाहिल्यावर आपणांस सर्वांविषयीं बोलण्याचा अधिकार येतो? हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञांच्या कोष्टकांवर सोंपवून मोकळें होण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या मतें तो प्रथमतः नीतीचा प्रश्न आहे. गणित त्याच्या मागून येतें.

रायगड जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर उदाहरण दूर शोधावें लागत नाहीं. ‘दर मुलास एक लॅपटॉप’ ही अमेरिकेंत निघालेली कल्पना २००७ सालीं भारतांत प्रथम अजमावली गेली ती याच जिल्ह्याच्या उत्तर भागांत, कर्जत तालुक्यांतील एका धनगरवाड्यावरच्या लहानशा एकशिक्षकी शाळेंत. वीस-बावीस मुलें, एक गुरुजी, आणि प्रत्येक मुलाच्या हातीं एक यंत्र. अशा ठिकाणीं मुलें हर्षभरित झालीं तर त्यांत नवल कसलें? पण उद्यां त्यांच्या वाचनांत प्रगति दिसली, तर तिचें कारण यंत्र, कीं गुरुजींचा नवा हुरूप, कीं दूरदूरचे पाहुणे आपली शाळा पाहण्यास येतात हा अभिमान, हें एका शाळेवरून कोण सांगणार? यंत्र चालतें कीं नाहीं, विजेची सोय कशी होते, मुलांचीं बोटें किती लवकर सरावतात, एवढें पाहण्यास ती एक शाळा पुरेशी होती. ‘सर्व मुलांस असें यंत्र दिल्यास त्यांचें शिक्षण सुधारेल काय?’ या प्रश्नाचें उत्तर देण्याची शक्ति तिच्या अंगीं नव्हती, आणि असा भार तिच्यावर घालणें हा त्या शाळेवरहि अन्यायच होय.

याच यंत्रांचा मोठा प्रयोग दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत झाला. तेथें तीनशेंहून अधिक ग्रामीण शाळा घेऊन, यंत्रें मिळालेल्या शाळांची न मिळालेल्या शाळांशीं पंधरा महिन्यांनंतर तुलना करण्यांत आली. गणितांत व भाषेंत यंत्रवाल्या शाळांतील मुलें पुढें गेल्याचें आढळलें नाहीं. सामान्य बुद्धिकौशल्याच्या कसोट्यांत मात्र कांहीं वाढ दिसली. यावरून यंत्रें निरुपयोगी असें कोणी म्हणेल तर तेंहि घाईचें होईल. २००२ ते २००४ या दोन वर्षांत बडोदें शहरांतील नगरपालिकेच्या शंभरावर शाळा घेऊन झालेल्या प्रयोगांत चौथीच्या मुलांस आठवड्यांतून दोन तास, दोन मुलांमागें एक संगणक याप्रमाणें गणिताचे खेळ खेळावयास दिले होते. तेथें गणितांतील वाढ स्पष्ट दिसली. मात्र तीच मुलें एका वर्षानंतर पुन्हां तपासलीं तेव्हां त्या लाभाचा बराचसा भाग ओसरलेला आढळला. लाभ झाला हें एखाद्या लहान प्रयोगासहि कदाचित् दिसलें असतें. पण तो ओसरून किती उरला, हें सांगणें लहान प्रयोगाच्या आवांक्यांतलें नव्हतें.

लहान नमुन्याचा दोष दुहेरी आहे, आणि त्याची ही दुसरी बाजू आपण नेहमीं विसरतों. थोड्या मुलांवरून ‘लाभ झाला’ असें ठरविल्यास खोटी आशा पसरते, हें तर उघडच आहे. पण थोड्या मुलांत लाभ दिसला नाहीं म्हणून ‘लाभ नाहीं’ असें ठरविल्यास खोटी निराशा पसरते, आणि कदाचित् एक खरोखरच उपयुक्त साधन गरीब मुलांच्या हातांतून काढून घेतलें जातें. ‘आम्हांस आढळलें नाहीं’ आणि ‘तें नाहींच’ यांमध्यें फार मोठें अंतर आहे. काळोख्या खोलींत क्षणभर काडी ओढून ‘येथें कोणी नाहीं’ असें सांगणाऱ्याची साक्ष न्यायाधीश मानील काय? शिवाय लहान प्रयोगांपैकीं ज्यांत योगायोगानें मोठी वाढ दिसते तेवढेच गाजतात, बाकीचे विस्मृतींत जातात; आणि त्यामुळें गाजलेल्या प्रयोगांतील आंकडे नेहमींच सत्याहून फुगलेले असतात. यांत कोणी लबाडी केलेली असते असें नव्हे. प्रत्येकजण आपापल्या पातेल्याविषयीं खरें बोलत असतो.

गणिताची बाजू अगदीं साध्या आंकड्यांत मांडतां येते. शंभर गुणांची परीक्षा आहे, आणि मुलांचे गुण सरासरीच्या मागेंपुढें साधारणपणें वीस गुणांनीं पसरलेले आहेत असें धरूं. नव्या साधनानें सरासरी खरोखरच दहा गुणांनीं वाढत असेल, तर तें ओळखण्यास साधन मिळालेलीं ६३ व न मिळालेलीं ६३ मुलें पुरतात. वाढ चार गुणांची असेल तर दोन्ही बाजूंस ३९३ मुलें लागतात. दोनच गुणांची असेल तर प्रत्येक बाजूस सुमारें १,५७० लागतात. नसलेला लाभ असल्याचा भास होण्याचा धोका शंभरांत पांच, आणि असलेला लाभ नजरेस येण्याचा संभव शंभरांत ऐशीं, ही शास्त्रज्ञांची प्रचलित मर्यादा येथें धरली आहे. शोधावयाचा फरक निम्मा झाला कीं मुलें चौपट लागतात, असा याचा थोडक्यांत नियम आहे.

आतां यांत नीतीचा भाग कोठें येतो तें पाहूं. किती मुलें घ्यावयाचीं हें, किती वाढ शोधावयाची यावर अवलंबून. आणि किती वाढ शोधावयाची हें गणित सांगूं शकत नाहीं. चार गुणांची वाढ मोलाची कीं क्षुल्लक? त्याच पैशांत वाडीवरच्या शाळेस दुसरा शिक्षक, पुस्तकांची एक पेटी, किंवा गळक्या छपराची दुरुस्ती मिळत असेल, तर चार गुणांसाठीं यंत्रें घेणें योग्य काय? हा मोलाचा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर शाळा चालविणाऱ्यांनीं, शिक्षकांनीं व पालकांनीं मिळून द्यावयाचें आहे. तें उत्तर प्रयोग सुरू होण्यापूर्वीं, लेखी, सर्वांसमक्ष दिलें पाहिजे. ‘इतक्याहून कमी लाभ झाल्यास आम्ही तो पुरेसा मानणार नाहीं’ असें जो आधीं सांगतो, त्याच्या नमुन्याची संख्या आपोआप ठरते. आणि निकाल पाहून मग दोन गुणांच्या वाढीचा डंका पिटण्याचा मोहहि त्यास उरत नाहीं. जो हें सांगत नाहीं आणि हातीं लागलीं तितकीं मुलें घेतो, त्यानें खरें तर प्रश्नच विचारलेला नसतो.

येथवर आपण मुलें मोजलीं. परंतु मुलें मोजून भागत नाहीं. पातेलीं मोजावीं लागतात. एका वर्गांतील तीस मुलांस एकच गुरुजी शिकवितात. त्यांचा फळा एक, पुस्तक एक, पावसांत वाहून जाणारा रस्ताहि एक. गुरुजी चांगले असतील तर तीसहि मुलांचे गुण वर जातात, ते वर्षभर निवडणुकीच्या व गणनेच्या कामांत गुंतले तर तीसांचेहि खालीं येतात. म्हणून पहिल्या मुलानें जी साक्ष दिली तिच्यांत तिसावें मूल फारशी भर घालीत नाहीं. मुलांच्या गुणांतील एकंदर तफावतीपैकीं एक पंचमांश तफावत शाळाशाळांमधील असेल, तर दहा शाळांतील ३०० मुलें मिळून केवळ ४४ स्वतंत्र मुलांइतकीच साक्ष देतात. अहवालाच्या पहिल्या पानावर मात्र ३०० हा आंकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो, आणि वाचणाऱ्याचा त्यावर विश्वास बसतो.

हाच हिशेब पुढें नेल्यास महाड व पोलादपूर यांमधील भेद डोळ्यांपुढें येतो. महाड शहरांत किंवा औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या बिरवाडीसारख्या गांवांत तीस मुलांचा वर्ग सहज मिळेल. तेथें चार गुणांची वाढ ओळखण्यास प्रत्येक बाजूस सुमारें ९० शाळा पुरतील. पोलादपुरावरून आंबेनळी घाटाकडे चढूं लागलें, कीं सह्याद्रीच्या कुशींतल्या वाड्यांवर चारहि इयत्ता मिळून वीस मुलें जेमतेम भरतात. एका शाळेंतून आठच मुलें मिळणार असतील तर तोच प्रश्न सोडविण्यास प्रत्येक बाजूस सुमारें ११८, म्हणजे एकूण २३६ शाळा लागतील. मुलें कमी, पण शाळा अधिक. एका लहान डोंगरी तालुक्यास हा आंकडा पेलण्याजोगा नाहीं. प्रयोगापूर्वीं एक चाचणी घेऊन प्रत्येक मुलाची मूळची तयारी नोंदवून ठेविली, आणि त्या नोंदीनें शेवटच्या गुणांतील अर्धी तफावत उलगडली, तर लागणाऱ्या शाळा जवळजवळ निम्म्या होतात. आधींची परीक्षा ही म्हणून प्रयोगांतील सर्वांत स्वस्त काटकसर आहे. तरीहि सत्य हें उरतेंच कीं, जेथें शाळा लहान व विखुरलेल्या आहेत तेथें सत्य जाणणें महाग पडतें. आणि जें महाग पडतें तें बहुधा कोणी करीत नाहीं. शहरांतल्या भरलेल्या वर्गांवरून काढलेला निष्कर्ष मग घाट चढून वाडीवर लादला जातो.

आपल्याकडे असा एक समज आहे कीं, प्रदेश जितका मोठा तितका नमुना मोठा हवा. तो बरोबर नाहीं. लग्नाच्या हंड्यांतील भात आणि चौघांच्या पातेल्यांतील भात या दोहोंसहि तितकींच शितें पुरतात. मात्र हंडा नीट ढवळलेला पाहिजे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानें २००५ पासून ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची जी पाहणी चालत आली आहे, तींत एका जिल्ह्यांतून ३० गांवें व प्रत्येक गांवांतून २० घरें घेण्याची पद्धति आहे. रायगडसारख्या पंधरा तालुक्यांच्या जिल्ह्यास तीस गांवें थोडीं वाटतात. पण जिल्ह्याचें ढोबळ चित्र पाहण्यास तीं निरुपयोगी नाहींत. चूक होते ती पुढेंच. तालुक्यास सरासरीनें दोन गांवें येतात, आणि मोठ्या गांवांची निवड होण्याचा संभव अधिक ठेविलेला असल्यामुळें विरळ वस्तीच्या तालुक्यास तितकींहि येतील असा भरंवसा नसतो. त्या आंकड्यावरून ‘पोलादपुरांतील मुलें वाचूं शकतात कीं नाहीं’ याचा निकाल देणें, हें जिल्ह्याच्या हंड्यांतील शितावरून कोपऱ्यांतल्या वाटींतील भाताची परीक्षा करणें होय. पाहणी करणारांनीं तसा दावा केलेला नसतो. उतावळे वाचकच तो त्यांच्या तोंडीं घालतात.

आणि पातेलीं पुरेशीं घेतलीं तरी कोणतीं घेतलीं हा प्रश्न राहतोच. रस्त्यालगतच्या, जीप पोंचणाऱ्या, नेटवर्क मिळणाऱ्या शाळा सहज निवडल्या जातात. ज्या वाडीस पावसाळ्यांत ओढा ओलांडून जावें लागतें, ती यादींत असूनहि भेटीच्या दिवशीं वगळली जाते. महाडच्या वाचकास कागद आणि वस्तुस्थिति यांमधील अंतर समजावून सांगण्याची जरूर नाहीं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ सालीं झाला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें असल्याचें ठरविलें. दप्तर तपासून पाहणी करणारानें ‘तळें सर्वांस खुलें’ अशीच नोंद केली असती. प्रत्यक्षांत २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों अनुयायांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले, तोंवर त्या लोकांस तेथील पाण्यास स्पर्श करतां येत नव्हता. ‘यंत्र शाळेंत पोंचलें’ ही नोंद आणि ‘यंत्र त्या वर्गांतील मागच्या रांगेंत बसणाऱ्या मुलीच्या हातीं आलें’ ही घटना यांत असेंच अंतर असूं शकतें. नमुना म्हणजे किती नांवें लिहिलीं एवढेंच नव्हे. कोणाच्या हातापर्यंत जाऊन पाहिलें, हेंहि त्यांत येतें.

केवळ संख्या वाढविल्यानें वांकडी निवड सरळ होत नाहीं, याचें एक जुनें व बोधप्रद उदाहरण स्कॉटलंडमधील आहे. १९३० सालीं लॅनार्कशायर परगण्यांतील ६७ शाळांत मुलांस रोज दूध दिल्यानें वाढ किती होते हें पाहण्यासाठीं २०,००० मुलांवर चार महिने प्रयोग झाला. निम्म्यांस दूध, निम्म्यांस नाहीं. एवढी संख्या ऐकून कोणाचीहि छाती दडपेल. परंतु मुलांची वांटणी करतांना ती अगदीं समतोल दिसावी म्हणून फेरफार करण्याची मुभा शिक्षकांस दिली होती. शिक्षकांनीं काय केलें असावें? समोर एक गुबगुबीत मूल आणि एक रोडावलेलें मूल उभें असतां, कोणत्याहि सहृदय गुरुजींनीं केलें असतें तेंच. दूध हडकुळ्या मुलांकडे वळलें. दूध न मिळालेलीं मुलें आरंभींच उंच व वजनदार निघालीं आणि तुलनेचा पायाच ढासळला. ‘स्टुडंट’ या टोपणनांवानें लिहिणाऱ्या गॉसेट या संख्याशास्त्रज्ञानें पुढील वर्षीं दाखवून दिलें कीं, हुबेहूब जुळ्या भावंडांच्या पन्नास जोड्या घेतल्या असत्या तर फार थोड्या खर्चांत अधिक भरंवशाचें उत्तर मिळालें असतें. करुणा हा गुण खरा. पण चुकीच्या जागीं वापरलेल्या करुणेनें वीस हजार मुलांचे श्रम वांयां घालविले.

आपल्याकडील शेतीच्या पाहण्यांतहि हेंच प्रत्ययास आलें. सातारा जिल्ह्यांत जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत पिकांचा उतारा काढण्याच्या पद्धतींचा कसून अभ्यास केला. शेतांतील अगदीं लहान तुकडा आंखून तेवढ्याचेंच पीक कापलें व तोललें, तर उतारा वास्तवाहून अधिक दिसतो, असें त्यांनीं दाखविलें. कारण मोठें मानवी आहे. आंखलेल्या रेघेवर उभें असलेलें धाट आंत धरावें कीं बाहेर, अशी शंका आली कीं कापणाराचा हात तें आंतच ओढतो. तुकडा जितका लहान तितकी त्याची कड प्रमाणानें मोठी, आणि तितकी ही चूक भारी. असे लहान तुकडे हजारों घेतले तरी चूक कमी होत नाहीं; ती हजारों वेळां त्याच दिशेनें होते. शाळेंतील प्रयोगांतहि ‘हा मुलगा यंत्रवाल्यांत धरावा कीं नाहीं’ अशी कड जागोजागीं असते, आणि यंत्र यशस्वी व्हावें अशी ज्याची इच्छा त्याचा हात तसाच वळतो.

म्हणून निवड चिठ्ठ्या टाकून व्हावी, असा शास्त्राचा आग्रह आहे. यावर पुष्कळांचा आक्षेप असतो कीं, एका शाळेस यंत्रें देणें आणि शेजारच्या शाळेस न देणें हेंच मुळीं क्रूरपणाचें आहे. यंत्रें सर्वांस पुरणारीं असतीं, आणि तीं हितकर आहेत हें आधींच ठाऊक असतें, तर हा आक्षेप बिनतोड होता. पण पहिल्या वर्षीं यंत्रें थोडींच असतात, आणि तीं हितकर आहेत कीं नाहींत हेंच तर पाहावयाचें असतें. थोडी वस्तु अनेकांत वांटतांना वशिल्यानें वांटणें बरें, कीं चिठ्ठीनें? गांवकीच्या पुष्कळ वांटण्यांत भांडण मिटविण्यास चिठ्ठी हाच उपाय मानला जातो. चिठ्ठींत मागें राहिलेल्या शाळांस, प्रयोग सफळ ठरल्यास पुढील वर्षीं प्रथम मान देण्याचें वचन द्यावें, आणि तें पाळावें. तुलनेसाठीं थांबलेल्या मुलांचें प्रयोग करणारावर ऋण असतें. तें फेडण्याची तजवीज नसेल तर त्यांस नमुन्यांत घेण्याचा अधिकारहि नाहीं.

या मुलखांत आणखी एक गोष्ट हिशेबांत धरावी लागते. जूनमध्यें पटावर असलेलें प्रत्येक मूल एप्रिलमध्यें परीक्षेस असेलच असें नाहीं. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबें वीटभट्टीच्या किंवा कोळशाच्या कामासाठीं घर सोडतात, आणि मुलें त्यांच्याबरोबर जातात. डोंगरांतील कुटुंबें पोटासाठीं मुंबईची वाट धरतात. २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहर पुरांत बुडालें, त्याच दिवशीं तळियें येथें डोंगर कोसळून ऐशींहून अधिक माणसें गेलीं, आणि पोलादपूर तालुक्यांतहि दरडींनीं बळी घेतले. अशा वर्षीं शाळेच्या प्रयोगाचें काय होईल हें सांगावयास नको. गळतीचा विचार करून थोडीं अधिक मुलें घ्यावींत हा हिशेबाचा भाग झाला. पण गळणारीं मुलें हीं कोणतींहि मुलें नसतात. तीं सर्वांत गरीब घरचीं असतात. त्यांच्या जागीं दुसरीं घेऊन आंकडा पुरा केला, तर संख्या जुळते आणि सत्य निसटतें. जीं गेलीं त्यांची गणना ‘गेलीं’ म्हणूनच झाली पाहिजे, आणि शक्य तेथें त्यांचा माग काढला पाहिजे. सातारा जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षणाविषयीं धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांचे जे दोन अहवाल पुण्याच्या गोखले संस्थेनें १९५५ सालीं प्रसिद्ध केले, त्यांचा विषयच मुळीं शाळेंतून गळणारीं व शाळा सुटल्यावर अक्षरें विसरणारीं मुलें हा होता. आंबेनळी घाट चढून गेलें कीं तोच जिल्हा लागतो. त्या अभ्यासकांची दृष्टि घाटाखालीं आणण्यास कोणाची हरकत नसावी.

आतां एक मूलगामी आक्षेप उरतो. मूल म्हणजे शीत नव्हे, असें कोणी म्हणेल. प्रत्येक मूल स्वतंत्र आहे, त्यास आंकड्यांत गोंवणें हाच त्याचा अवमान आहे. आक्षेपाच्या पहिल्या भागाशीं आम्ही पूर्णपणें सहमत आहों, आणि म्हणूनच त्याच्या दुसऱ्या भागाशीं नाहीं. मुलें खरोखरच शितांसारखीं एकसारखीं असतीं तर एकच मूल पाहून भागलें असतें. तीं तशीं नाहींत म्हणूनच शेंकडों पाहावीं लागतात. मोठ्या नमुन्याचा आग्रह हा मुलांच्या निराळेपणाचा मान राखणारा आग्रह आहे. एका हुशार मुलाचें छायाचित्र छापून सर्वांच्या वतीनें बोलणाराच खरोखर त्यांस शितें समजत असतो. गुरुजींस आपल्या वर्गांतील मूल न् मूल ठाऊक असतें, आणि स्वतःच्या वर्गापुरता निर्णय घेण्यास त्यांस कोणत्याहि नमुन्याची जरूर नाहीं. जरूर पडते ती त्या वर्गाबाहेरील, न पाहिलेल्या मुलांविषयीं बोलावयाचें असतें तेव्हां. न पाहिलेल्या मुलास आपली बाजू मांडतां येत नाहीं. त्याच्या वतीनें बोलणारानें अधिक जपून बोलावें, एवढेंच येथें मागणें आहे.

मग ज्या तालुक्यास २३६ शाळा मिळत नाहींत, त्यानें गप्प बसावें काय? मुळींच नाहीं. दावा जेवढा लहान, तेवढा पुरावाहि लहान चालतो. ‘सरासरी किती गुण वाढले’ हें विचारण्याचें सामर्थ्य नसेल तर ‘यंत्रें आठवड्यांतून किती वेळां उघडलीं गेलीं, वीज किती तास होती, मुली व मुलगे यांस सारखा वेळ मिळाला कीं नाहीं’ हें विचारावें. अडचणी कोणत्या प्रकारच्या आहेत हें समजण्यास दहा-पंधरा शाळाहि पुष्कळ कांहीं शिकवितात. ‘हें साधन सर्वत्र चालतें’ या दाव्याचें खंडन करण्यास तर वीज नसलेली एक शाळाहि पुरते. आणि सरासरीचाच प्रश्न सोडवावयाचा असेल तर महाड, पोलादपूर, माणगांव, म्हसळें, आणि खाडीपलीकडील मंडणगड-खेड अशा सारख्या परिस्थितीच्या तालुक्यांनीं एकाच पद्धतीनें, एकाच परीक्षेनें, मिळून प्रयोग करावा. प्रत्येकानें आपापला लहान प्रयोग करून आपापला लहान अहवाल छापण्यापेक्षां त्यांत खर्चहि कमी आणि सत्यहि अधिक. तेवढेंहि जमत नसेल तर ‘आम्ही इतक्या शाळा पाहिल्या, त्यांत असें आढळलें, इतरत्र काय होईल तें आम्हांस सांगतां येत नाहीं’ असें लिहावें. असें लिहिण्यास विद्वत्तेपेक्षां धैर्य अधिक लागतें. कारण पैसे देणारास, वर्तमानपत्रास आणि वरिष्ठांस असलें वाक्य आवडत नाहीं.

महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं सक्तीचें प्राथमिक शिक्षण सबंध बडोदें संस्थानांत १९०६ सालीं सुरू केलें. पण त्यापूर्वीं १८९३ पासून अमरेलीच्या भागांत त्याचा अनुभव त्यांनीं घेतला होता. मध्यें तेरा वर्षें गेलीं. आज एखादें यंत्र बाजारांत येतें, दोन वर्षांत जुनें होतें आणि तिसऱ्या वर्षीं दुसरें येतें. प्रयोगास वेळ कोठें आहे, असें विकणारा म्हणतो. विकणाराची घाई आपण समजूं शकतों. पण ज्या मुलाचें चौथीचें वर्ष एका फसव्या साधनावर खर्च झालें, त्यास तें वर्ष कोणी परत देत नाहीं. आणि ज्या मुलास एखाद्या चांगल्या साधनापासून घाईच्या निकालानें दूर ठेविलें, त्याचेंहि तसेंच. हीं दोन्ही मुलें नमुन्याबाहेरचीं. त्यांचीं नांवें कोणत्याहि अहवालांत येत नाहींत. संशोधकानें पहिली चिठ्ठी उचलण्यापूर्वीं, आणि शाळा चालविणारानें खरेदीच्या कागदावर सही करण्यापूर्वीं, त्या दोघांचा विचार मनांत आणावा. किती शितें पाहिलीं म्हणजे पुरे, याचें उत्तर मग कोष्टकांत शोधण्यास हरकत नाहीं.